रुमालात बांधलेले गाव

शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘जन्मस्थळ’ असा एक रकाना असतो. महाराष्ट्राबाहेरील एखाद्या मराठी शाळेचे जुने रजिस्टर उघडले, तर या अरुंद रकान्यात महाराष्ट्राचे अनेक तालुके दाटीवाटीने नांदताना दिसतात. नोकरीच्या, व्यापाराच्या किंवा बदलीच्या निमित्ताने कुटुंब गावातून निघाले, परमुलखात स्थिरावले, मुले मराठी शाळेत शिकली आणि नातवंडांच्या पिढीपर्यंत ते गाव केवळ कुलदैवताच्या यात्रेपुरते उरले. मग एके दिवशी अचानक त्या गावाच्या कागदाची गरज पडते. कोणाला आजोबांच्या जमिनीवर वारसनोंद करावयाची असते, तर कोणाला जन्माचा पुरावा हवा असतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचे वास्तव्य व जातीची नोंद दाखवणारे कागद विचारले जातात. काहींना यांपैकी कशाचीच निकड नसते. आपण कोठून आलो, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असते.

असा शोध घेणारा माणूस तालुक्याच्या गावी पोहोचतो आणि चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून बहुधा रिकाम्या हाताने परततो. कागद नसतो असे नाही. तो कोणी, कशासाठी लिहिला हे माहीत नसल्याने तो चुकीच्या दाराशी मागितला जातो. गावचा प्रत्येक कागद एखाद्या कारणाने जन्माला आला आहे आणि ज्या कारणाने तो जन्मला त्याच खात्याच्या कपाटात तो राहिला आहे. म्हणून दप्तर शोधण्याची वाट दप्तराच्या इतिहासातून जाते. ती वाट पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील इंदापूर हे उदाहरण उत्तम आहे. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला हा तालुका. त्याचे मुख्य ठिकाण आजही एक लहान, भोवतालच्या खेड्यांवर जगणारे गाव आहे. परंतु भारतातील जमीनमहसुलाच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे.

पेशवाईत इंदापूर हा परगणा होता. गावचा हिशेब कुलकर्णी लिहीत असे, परगण्याचा देशपांडे. पाटील आणि देशमुख हे अधिकाराचे धनी; लेखणी मात्र कुलकर्णी-देशपांड्यांच्या हाती. हे लिखाण मोडीत, लांब कागदाच्या बंदांवर होई आणि असे बंद कापडात बांधून ठेवले जात. त्या कापडी गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. आजही अभिलेखागारात हाच शब्द चालतो. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा नव्या सरकारला सारा कोणाकडून, किती घ्यावयाचा आणि इनामे कोणाची खरी मानावयाची, हे ठरवण्यासाठी या रुमालांची गरज भासली. पुढे १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन कामाला लागले आणि इनामदारांच्या सनदा तपासताना जुन्या दप्तराची छाननी झाली. जप्तीच्या भयाने अनेक घराण्यांची झोप उडवणाऱ्या या चौकशीमुळेच जुन्या दप्तराला सरकारच्या लेखी किंमत आली. ते दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात ‘पेशवे दप्तर’ म्हणून सुरक्षित आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. अलीकडे एका जपानी अभ्यासकाने १७६१ ते १८२८ या काळातील इंदापूर परगण्याचे समाजजीवन व अर्थजीवन या मराठी कागदांवरून मांडले आणि पुणे विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. ज्या गावचे मूळ रहिवासी आपल्या गावी काही कागद नाही असे समजतात, त्या गावचे हिशेब वाचण्यासाठी कोणी सातासमुद्रापलीकडून येऊन मोडी शिकतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तात्पर्य असे की १८१८ पूर्वीचा कागद तालुक्याच्या कचेरीत मागून उपयोग नाही; त्यासाठी पुणे गाठावे लागते. तेथे गावाचे आजचे तालुका-जिल्हा सांगूनही काम भागत नाही. गाव पेशवाईत कोणत्या परगण्यात होते ते सांगावे लागते. साल शोधताना अरबी शुहूर सन ओळखावा लागतो. कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे असेल, तर ते शब्द दोन, सत्तर, शंभर आणि हजार असे मोजून ११७२ होतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी सनाचे १७७१-७२ हे वर्ष मिळते.

इंग्रजी अमलातील पहिला मोठा अध्याय इंदापूरला फार कडू ठरला. १८२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या गणितावर सारा ठरवला. गणित कागदावर निर्दोष होते; परंतु मोजणी सदोष, खालचे कारकून लाचखाऊ आणि पावसाचा भरवसा नाही, अशा स्थितीत हा सारा रयतेच्या कमरेला झेपला नाही. वसुलीसाठी छळ झाला, जमिनी पडीक पडल्या आणि अनेक कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. परमुलखात जाऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या इतिहासात सरकारी अंदाजपत्रकाच्या चुकीने देशोधडीला लागलेली ही माणसेही जमेस धरली पाहिजेत.

ही चूक निस्तरण्यासाठी गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोन तरुण अधिकारी इंदापुरात उतरले. त्यांनी नवी मोजणी केली, जमिनीची प्रतवारी लावली आणि १८३६ पासून हलका सारा ३० वर्षांसाठी कायम केला. १८४७ मध्ये त्यांनी डेव्हिडसन यांच्यासह जो संयुक्त अहवाल लिहिला, तो मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया ठरला. प्रत्येक शेताला क्रमांक, क्रमांकाला हद्द, हद्दीला दगड आणि या सर्वांची नोंद असलेला गावचा नकाशा ही शिस्त इंदापुरात आकाराला आली आणि तेथून इलाखाभर गेली.

मोजणीतून जन्मलेला कागद आजही मोजणीच्या खात्याकडे आहे. आकारबंद, टिपण, फाळणी आणि गावनकाशा पाहावयाचा असेल तर तलाठ्याकडे न जाता तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकाकडे जावे लागते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर, अशी स्थिती असल्याने वारस गोंधळतात. दोहोंचा मेळ घालणारा एकत्रीकरण योजनेचा उतारा याच कार्यालयात मिळतो. गावठाणातील घरांच्या मिळकत पत्रिका, जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे, याच खात्याकडे असतात.

दुसरा अध्याय कर्जाचा. साऱ्याची ३० वर्षांची मुदत संपली, नवी आकारणी वाढीव आली, कापसाचे भाव कोसळले आणि रयत सावकाराच्या दारात उभी राहिली. निरक्षर शेतकरी ज्यावर अंगठा उठवत असे, त्या रोख्यात काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. मे १८७५ मध्ये इंदापूरच्या शेजारी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या चोपड्यांवर, रोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. जेथे कागद मिळाले तेथे ते जाळले गेले. आपले दैव कागदात बांधले आहे, हे लिहितावाचता न येणाऱ्या माणसांनी अचूक ओळखले होते.

सरकारने यातून घेतलेला धडा पुन्हा कागदाचाच होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावोगावी निबंधक नेमले आणि शेतकऱ्याचा रोखा त्यांच्यासमोर वाचून दाखवून नोंदवणे आवश्यक केले. १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला आणि जमीन कोणाकडे आहे, कोणत्या हक्काने आहे, ती केव्हा व कशी हस्तांतरित झाली, हे गावच्या दप्तरात लिहिले जाऊ लागले. आजचा सात-बारा, म्हणजे गाव नमुना सात व बारा, हे या प्रवासाचे फलित होय. सात-बारावर वर्तुळात लिहिलेले अंक पुष्कळांना निरर्थक वाटतात. वस्तुतः ते फेरफाराचे क्रमांक असतात. शेवटच्या फेरफारापासून मागे मागे जात राहिले, तर वाटणी, वारस, खरेदी, गहाण असे एकेक पाऊल उलटे टाकीत पणजोबांपर्यंत पोहोचता येते. चालू दप्तर तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे असते आणि जुने तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. खरेदीखते, गहाणखते व बक्षीसपत्रे यांच्या सूची मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पाहाव्या लागतात.

तहसीलच्या याच अभिलेख कक्षात ‘कोतवाल बुक’ नावाने ओळखली जाणारी जन्ममृत्यूची जुनी नोंदवही असते. ती पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कोतवालाने जन्माची वर्दी दिली तेव्हा बाळाचे बारसे बहुधा झालेले नसे. त्यामुळे पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, जात आणि तारीख असते. अपत्याच्या जागी केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आजोबांचे नाव धरून पाने उलटणाऱ्यास काही सापडत नाही. पणजोबांचे नाव धरून उलटणाऱ्यास सापडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या अनेक नोंदी मोडीत असल्याने मोडी वाचणारा माणूस सोबत असणे हिताचे ठरते.

तिसरा अध्याय नागरी स्वराज्याचा. १८५० च्या कायद्याने लहान गावांनाही नगरपालिका मिळण्याची वाट मोकळी झाली आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात इंदापूरसारख्या गावांत ती संस्था आली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याच्या कल्पनेला बळ मिळाले, १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे उभी राहिली, १९२० मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा झाला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या संस्थांनी मागे ठेवलेला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे सभेचे इतिवृत्त, लोकांच्या भाषेत ठरावबुक. सार्वजनिक विहिरीवर कोणी पाणी भरावे, रॉकेलचे कंदील किती लावावे, साथीच्या वर्षी वस्ती कोठे हलवावी, मुलींच्या शाळेला जागा कोठे द्यावी, हे वाद त्या वह्यांत सूचक-अनुमोदकांच्या नावांसह नोंदले जात. करआकारणीच्या नोंदवहीत घर कोणाच्या नावावर होते आणि त्यात भाडेकरू कोण होते, हे कळते. म्हणजे ज्यांची शेती नव्हती, ज्यांचे नाव सात-बारावर कधी चढले नाही, अशा कारागिरांच्या, मजुरांच्या आणि भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांच्या खुणा नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधाव्या लागतात. भूमिहीनाचा इतिहास जमिनीच्या कागदात सापडत नाही, ही साधी बाब शोधकर्त्यांच्या लक्षात उशिरा येते.

चौथा अध्याय पाण्याचा. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे जलाशयाखाली गेली. जुन्या पळसदेवचे शिवमंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा वर येते आणि दूरवरून माणसे ते पाहण्यास जातात. बुडालेले शेत, वाडा, चावडी यांपैकी काहीही पूर्वीसारखे परत मिळत नाही. त्या जमिनी कोणाच्या होत्या, त्यांत काय पिकत होते, हे सांगणारा पुरावा म्हणजे संपादनापूर्वीचे सात-बारा आणि भूसंपादनाचा निवाडा. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, पर्यायी जमीन, शासकीय नोकरीतील ५ टक्के समांतर आरक्षण हे सर्व त्या कागदावर अवलंबून असते. गाव नाहीसे झाले तरी त्याचे दप्तर टिकले पाहिजे, याचा अर्थ ज्यांचे गाव बुडाले त्यांना जितका कळतो तितका इतरांना क्वचितच कळत असेल.

हे दप्तर पाहण्याचा नागरिकाचा अधिकार आज कायद्याने मान्य आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार लागू झाला. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही; उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे आणि अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला असेल तर तो योग्य ठिकाणी वर्ग करणे हे त्या कार्यालयाचे कर्तव्य आहे. नकला मागण्याप्रमाणेच मूळ अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचाही अधिकार या कायद्यात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जिल्हा व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ अभिलेख पाहण्यासाठी ठेवण्यास सांगितले. अनेक जिल्ह्यांतील जुने महसुली अभिलेख संगणकावरही उपलब्ध झाले आहेत. तथापि प्रत्येक कागद चिरंजीव नसतो. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले असतात. ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १० वर्षांचा आणि ‘ड’ वर्षभराचा. म्हणून ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले की तो कागद कोणत्या वर्गातला होता आणि नष्ट केला असेल तर त्याची नोंद कोठे आहे, हा पुढचा प्रश्न विचारावयाचा असतो. या एका प्रश्नाने पुष्कळदा न सापडणारा रुमाल सापडतो. अभिलेख कक्षात धुळीत बसून रुमाल सोडणारा कारकून सौजन्याने वागवला गेला, तर तोही शोधाचा भागीदार होतो. कोणत्या कपाटात कोणते गाव आहे हे बहुधा त्यालाच ठाऊक असते.

हाच नियम महाराष्ट्राच्या सीमेपलीकडेही लागू पडतो. गुजरात हा जुन्या मुंबई इलाख्याचा वारसदार असल्याने तेथेही सात-बारा आणि आठ-अ हेच नमुने चालतात. वडोदऱ्यास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला ते परके वाटत नाहीत. मध्य प्रदेशात खसरा आणि खतौनी विचारावी लागते. कर्नाटकात व तेलंगणात पहाणी. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तेथील जुने कागद उर्दूत सापडतात आणि त्यांवर फसली साल असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. तेथील मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहेत. लिपी बदलते, नमुन्याचे नाव बदलते. परंतु कागद कोणी लिहिला आणि कशासाठी, हा प्रश्न सर्वत्र तोच राहतो.

शेवटी या वाटेवर एक दार असे आहे की ज्याकडे शाळेचे माजी विद्यार्थी दप्तर म्हणून क्वचितच पाहतात. ते म्हणजे शाळेचे स्वतःचे जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण या साऱ्या नोंदी मुख्याध्यापकाच्या सहीने कायम झालेल्या असतात. न्यायालयात, जातपडताळणीत आणि पारपत्राच्या कचेरीत असा उतारा पुरावा म्हणून पुढे ठेवला जातो. परमुलखातील मराठी शाळेच्या बाबतीत त्याचे मोल दुप्पट आहे. कारण कुटुंब मूळ गावातून निघाल्यानंतर आणि नव्या गावी स्थिर होण्यापूर्वीच्या मधल्या काळाचा अनेकदा तोच एक लिखित दुवा असतो. इंदापूरच्या कुलकर्ण्याने गावासाठी जे केले, तेच शाळेच्या लेखनिकाने साठ वर्षे या वस्तीसाठी केले आहे.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने इमारतीला रंग लागतो, सत्कार होतात, जुनी छायाचित्रे भिंतीवर लागतात. त्याच उत्साहात जुन्या रजिस्टरांची पाने मोजली जावीत, फाटलेली सांधली जावीत, प्रत्येक खंडाची छायाप्रत निघावी आणि कोणत्या खंडात कोणती वर्षे आहेत, याची एक यादी कार्यालयात लावली जावी. या कामाला खर्च थोडा आणि माणसे दोन-चारच लागतात. आणखी पन्नास वर्षांनी कोणा विद्यार्थ्याचे नातवंड दुसऱ्याच एखाद्या प्रांतातून येऊन आजीचे नाव विचारील, तेव्हा कपाट उघडून तो खंड टेबलावर ठेवता आला पाहिजे.